खुशालीच्या पत्रांत न मावलेलं: माजी सैनिक, समलैंगिकता आणि लिहून मोकळं होणं

नागपूरजवळच्या कामठीतल्या फौजी घरांत लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अजून आंतर्देशीय पत्रं सापडतात. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात '५६ एपीओ' (फौजी टपाल कार्यालय), आणि मजकूर जवळजवळ ठरलेला: मी इथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा. पलटण कुठे आहे, चौकी कोणती, हे लिहायचं नाही. पत्र वाटेत कुणी उघडू शकतं, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक. समलिंगी जवानाकडे लपवायला आणखी एक गोष्ट असे, आणि ती शत्रूपासून नव्हे, शेजारच्या खाटेवरच्या सोबत्यापासून.

अशा माणसाला निवृत्तीनंतर 'मनातलं कागदावर उतरव' असं सांगणं वाटतं तितकं साधं नाही. मन मोकळं करण्यासाठी ठरावीक वेळ लिहायचं, या उपायामागचा इतिहास म्हणूनच पाहावा लागतो.

लिहिण्याचा हा प्रयोग १९८६चा. अमेरिकेत डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सगळ्यात मोठा आघात. आघाताबद्दल लिहिणारे लिहून उठताना जास्त उदास दिसले. पण ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्रात जाणं कमी झालं. व्याकरण, शुद्धलेखन बघायचं नाही, हात थांबवायचा नाही, एवढाच नियम. पुढे शेकड्याने अभ्यास झाले. २००६मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात परिणाम खरा, पण लहान ठरला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडे कुठल्याही उपायाला रामबाण म्हणण्याची घाई असते.

अमेरिकी फौजेत मात्र कागद हाच वैरी होता. दुसऱ्या महायुद्धात समलैंगिक म्हणून काढलेल्या अनेकांच्या हाती निळ्या कागदावरचं सेवामुक्तिपत्र पडे. त्यापायी माजी सैनिकांच्या सवलती जात, नोकरी मागायला गेलं की तोच कागद आड येई. १९९३मध्ये 'विचारू नका, सांगू नका' हा कायदा आला. नाव सौम्य, पण 'मी समलैंगिक आहे' एवढं म्हणणंच हकालपट्टीला पुरेसं. लष्करी डॉक्टरपाशी बोललेलंही गुप्त राहील याची खात्री नव्हती. २० सप्टेंबर २०११ रोजी हा कायदा रद्द झाला, तोवर १३ हजारांहून अधिक जणांना त्याखाली घरी पाठवलं गेलं होतं. ब्रिटनने आपली बंदी २०००मध्ये उठवली, तीही युरोपीय मानवाधिकार न्यायालयात हरल्यावर.

दोन संशोधनं इथे एकमेकांजवळ येतात. २०१०मध्ये पचांकिस आणि गोल्डफ्राइड या मानसशास्त्रज्ञांनी ७७ समलिंगी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं. समलिंगी असण्यावरून सोसलेल्या प्रसंगाबद्दल लिहिणारे तीन महिन्यांनी स्वतःच्या ओळखीबद्दल अधिक मोकळे झाले होते. ज्यांना जवळचा आधार कमी, त्यांना फायदा जास्त. २०१५मध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या १,२९२ माजी सैनिकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. भावना मोकळ्या करणारं लेखन केलेल्यांचा राग आणि शारीरिक तक्रारी, निव्वळ माहिती लिहिणाऱ्यांपेक्षा, थोड्या कमी झाल्या. समलिंगी माजी सैनिकाच्या वाट्याला ही दोन्ही ओझी येतात, म्हणून त्याच्यासाठी लेखनाचा विचार होऊ लागला.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. छावणीचं फाटक मात्र या निकालाने उघडलं नाही. घटनेचं कलम ३३ सैन्यदलांतल्यांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा संसदेला देतं, आणि लष्कर कायदा, १९५० मधल्या कलम ४६मध्ये 'अनैसर्गिक' वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कैद आहे. जानेवारी २०१९मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख बिपीन रावत यांनी लष्कर परंपरावादी आहे, असलं काही तिथे चालणार नाही, असं पत्रकारांना सांगितलं. इथे 'सांगू नका' असा वेगळा कायदा करावाच लागला नाही.

नागपुराला हा विषय परका नाही. कामठीची छावणी १८२१ची. तिथे 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या लष्करी रेजिमेंटचं केंद्र आहे, आणि वायुसेनानगरात हवाई दलाच्या अनुरक्षण (देखभाल) कमानचं मुख्यालय. साधा जवान पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर येतो, मग बँकेच्या किंवा एटीएमच्या दारात गार्ड म्हणून उभा राहतो. याच शहरात सारथी ट्रस्ट समलिंगी आणि तृतीयपंथी समूहासोबत काम करते, २०१६पासून ऑरेंज सिटी प्राइड मोर्चाही निघतो. पण मोर्चातली तरुण पोरं आणि एटीएमपुढचा तो पन्नाशीचा हवालदार यांची भेट कुठे व्हायची? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायला मनाई करतो, हे त्याला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. लिहिताना जुनं काही फारच वर आलं, तर वही मिटून तिथे फोन करावा.

आणि लिहिलेलं जपून ठेवायलाच हवं असं नाही. फाडलं, जाळलं तरी चालतं; हा उपाय कुणी वाचण्यावर अवलंबून नाही. दोन खोल्यांच्या घरात ही सवलत मोठी आहे. ट्रंकेला कुलूप असतं, पण किल्ली बहुधा बायकोच्या कमरेला.