गाडीत वायरलेस जीपीएस रिसीव्हर बसवताना

नमस्कार,

आमच्या बर्डीच्या दुकानातून रिसीव्हर घेतल्याबद्दल मनापासून आभार. डब्यात कंपनीचं पुस्तक आहेच. पण नागपूरच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत तो कुठे लावायचा, हे त्यात नाही. म्हणून हे माहितीपत्रक. ते डॅशबोर्डच्या खणात ठेवा, वेळेला कामी येईल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण तो रोज कानावर येतो. हा रिसीव्हर लावला म्हणून चोरीला गेलेली गाडी सापडणार नाही. हे यंत्र फक्त ऐकतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत पकडून ते आपली जागा काढतं आणि ती ब्लूटूथने तुमच्या टॅबलेटला, लॅपटॉपला किंवा फोनला कळवतं. त्यात सिमकार्ड नाही, त्यामुळे बाहेर कोणाला काही पाठवण्याची सोयच नाही. टॅक्सी किंवा बससाठी लागणारं, गाडीचा ठावठिकाणा बाहेर कळवणारं एआयएस-१४० प्रकारचं यंत्र वेगळं असतं. त्याची गरज हा रिसीव्हर भागवत नाही.

मग हा लागतो कोणाला? ज्यांच्या टॅबलेटमध्ये फक्त वायफाय आहे, जे लॅपटॉप घेऊन शेताची, रस्त्याची मोजणी करतात, ज्यांचा फोन गाडीत तापून वारंवार जागा चुकवतो, त्यांना. पेंचकडे जाताना मोबाइलची रेंज गेली तरी रिसीव्हर चालूच राहतो, कारण जीपीएसला रेंज लागत नाही. रेंज लागते नकाशाला. म्हणून निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या.

जागा निवडताना

"रिसीव्हर खराब आहे" म्हणून परत येणाऱ्या नगांपैकी बहुतेक नग आमच्या टेबलावर व्यवस्थित चालतात. गडबड असते ती गाडीतल्या जागेत. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. काचेतून तो येतो, पत्र्यातून येत नाही. सीटखाली, खणात, दाराच्या कप्प्यात ठेवलेल्या रिसीव्हरला आकाशच दिसत नाही. पुढच्या काचेला लागून, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, ॲन्टेनाची बाजू वर करून ठेवा. चालकाच्या नजरेआड काही येऊ देऊ नका. जिथे एअरबॅग लिहिलं आहे त्या झाकणावर तर मुळीच चिकटवू नका. काचेच्या बाजूच्या खांबातही पडद्याची एअरबॅग असू शकते, त्यामुळे वायर त्या खांबाच्या आवरणात खुपसू नका.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो. तो ऊन अडवतो तसा संकेतही अडवतो. अशा काचेत आरशाजवळ बहुधा एक ठिपक्यांची, बिनथराची जागा सोडलेली असते. रिसीव्हर तिथे नेऊन बघा. तिथे उपग्रह लगेच वाढले तर दोष काचेचाच. मग मागच्या काचेखालचा कप्पा वापरा. साधारण ब्लूटूथ दहा मीटरपर्यंत पोचतं, कारमध्ये ते अंतर भरपूर आहे.

स्वस्त यूएसबी चार्जर आणि डॅशकॅमही त्रास देतात. त्यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाट जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या संकेताला दाबून टाकू शकतो. रिसीव्हर त्यांच्यापासून निदान वीतभर दूर ठेवा. शंका आली तर डॅशकॅमची पिन काढून पाच मिनिटं बघा, उत्तर मिळून जाईल.

डॅशबोर्डला पॉलिश मारलं असेल तर दुहेरी चिकटपट्टी धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करा. आम्ही वेल्क्रो सुचवतो, कारण उन्हाळ्यात रिसीव्हर रोज काढायचा आहे.

हा उन्हाळ्याचा मुद्दा आम्ही हात जोडून सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. आतली लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नये. एका नवतपात आमच्याच गाडीत एक रिसीव्हर दुपारभर डॅशबोर्डवर राहिला. संध्याकाळी हातात घेतला तर खालचं झाकण एका बाजूने उचललेलं, आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. अशी बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. तशीच आमच्याकडे आणा. आणि गाडी उन्हात लावून उतरताना रिसीव्हर खिशात घाला. तेवढंच करायचं आहे.

वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटला लागते. काही गाड्यांत चावी काढल्यावरही तिथे वीज असते, तिथे चार्जर रात्रभर ठेवू नका. ट्रकला २४ व्होल्ट असतात. ट्रकसाठी नेत असाल तर सांगा, १२ आणि २४ दोन्हींवर चालणारा चार्जर देऊ.

जोडणी

रिसीव्हर चालू करा, टॅबलेटच्या ब्लूटूथमध्ये त्याचं नाव शोधा आणि पेअर करा. पिन मागितला तर ०००० किंवा १२३४ टाकून बघा. इथे बरेच जण थांबतात आणि नकाशा हलत नाही म्हणून वैतागतात. अँड्रॉइडमध्ये नुसतं पेअर करून भागत नाही. रिसीव्हरची माहिती घेणारं ॲप टाकावं लागतं आणि सेटिंगमध्ये त्याला परवानगी द्यावी लागते. 'अबाउट' मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा बोट ठेवा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडेल. त्यात मॉक लोकेशन ॲप (म्हणजे टॅबलेटच्या स्वतःच्या जागेऐवजी बाहेरून आलेली जागा पुरवणारं ॲप) म्हणून आपलं ॲप निवडा. काही बँकांची आणि टॅक्सीची ॲप्स मॉक लोकेशन दिसलं की काम करत नाहीत. तशी ॲप्स वापरायची असतील तेव्हा ही निवड काढून टाका.

लॅपटॉपला जोडताना विंडोज त्याला एक कॉम पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, देतं. तोच क्रमांक नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा. आयफोन असेल तर खरेदीआधीच बोला, कारण साधे ब्लूटूथ रिसीव्हर त्याला जुळत नाहीत, वेगळं मॉडेल घ्यावं लागतं.

पहिल्यांदा चालू करताना गाडी मोकळ्या आकाशाखाली उभी ठेवा आणि पंधरा मिनिटं द्या. प्रत्येक उपग्रह आपली नेमकी कक्षा दर ३० सेकंदांनी सांगतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. धावत्या गाडीत झाडं आणि इमारती मध्ये आल्या की ही माहिती तुटते आणि वेळ वाढतो. जागा आणि उंची दोन्ही काढायला निदान चार उपग्रह लागतात. ढग आणि पाऊस यांचा फारसा फरक पडत नाही.

खात्री करताना

झिरो माइलच्या आसपास उभे असाल तर ॲपमध्ये अक्षांश २१.१५ आणि रेखांश ७९.०८ च्या जवळ दिसले पाहिजेत. पण लॅपटॉपवर रिसीव्हरची कच्ची ओळ वाचलीत तर तिथे २१०८.९ आणि ०७९०४.८ असं काहीसं दिसेल. हे २१ अंश ८.९ मिनिटं आणि ७९ अंश ४.८ मिनिटं आहेत. एका ग्राहकाने ते सरळ २१.०८९ आणि ७९.०४८ असे नकाशात भरले. गाडी झिरो माइलला आणि ठिपका सोनेगावच्या विमानतळावर! त्यांना रिसीव्हर बदलून हवा होता. आम्ही मिनिटांना ६० ने भागून दाखवलं आणि ठिपका जागेवर आला. त्याच ओळीतली वेळ आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते, तीही चूक नाही, ती जागतिक वेळ (यूटीसी) असते.

वर्धा रोडच्या दुमजली पुलाखालून जाताना ठिपका अडखळेल, बाजूच्या रस्त्यावर उडी मारेल. डोक्यावर पूल आणि त्यावर मेट्रो असताना आकाश उरतं ते कडेच्या पट्ट्यापुरतं. पुलावर आहात की पुलाखाली, हे ओळखण्यातही नकाशाचा गोंधळ होतो. तिथे पाटी बघून वळा. पूल संपला की ठिपका आपोआप सावरतो.

एवढं करूनही अडलं तर रिसीव्हर, चार्जर आणि टॅबलेट तिन्ही घेऊन या, आणि शक्य असेल तर गाडीसकट या. दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून आधी फोन करा. आमचा मुलगा खाली येऊन गाडीतच तपासून देईल. त्याचे पैसे लागत नाहीत.