मिक्लात आणि ममाद: तळघर बरं की घरातली खोली?

गाझाकडून रॉकेट सुटलं की इस्रायलमधल्या अश्दोद शहराच्या लोकांना आडोसा गाठायला साधारण ४५ सेकंद मिळतात. सीमेलगतच्या गावांत जेमतेम १५. आपल्या बातम्या तिथल्या मिक्लात (सामायिक आसरा) आणि ममाद (घरातली संरक्षित खोली) दोन्हींना सरसकट ‘बंकर’ म्हणून मोकळ्या होतात, पण सगळा फरक या सेकंदांचा आहे.

मिक्लात सामायिक असतं. इमारतीच्या तळघरात, नाहीतर भर वस्तीत जमिनीखाली. १९५१च्या नागरी संरक्षण कायद्यानं त्याला बळ दिलं. मजबूत खरंच, पण चौथ्या मजल्यावरच्या आजींनी ४५ सेकंदांत जिने उतरायचे कसे? त्यात शांततेच्या काळात तिथे मोडक्या सायकली आणि जुन्या गाद्या साठतात. सोसायटीच्या सामायिक जागेचं जे होतं, तेच.

१९९१च्या आखाती युद्धात इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांबरोबर विषारी वायू येईल अशी धास्ती होती. असा वायू जड असतो, खाली साचतो. म्हणून लोकांना तळघराऐवजी घरातल्याच एका खोलीत, फटींना चिकटपट्ट्या लावून बसायला सांगितलं. त्या अनुभवातून ममाद आला आणि नव्या घरांना सक्तीचा झाला. फ्लॅटमधलीच एक खोली: जाड आरसीसी भिंती, बाहेर उघडणारं पोलादी दार, खिडकीला पोलादी झडप. एरवी तिथे मुलं झोपतात. रोज वापरात असल्यामुळे तिथे अडगळ साचत नाही, ही माझ्या मते तिची सर्वात मोठी जमेची बाजू.

मात्र ते दार स्फोटाचा धक्का अडवण्यासाठी आहे, घुसखोरासाठी नाही. आतल्यांची सुटका करता यावी म्हणून ते बाहेरूनही उघडतं. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात कित्येकांना दाराचा दांडा आतून तासन्‌तास धरून बसावं लागलं. जड बॅलिस्टिक क्षेपणास्त्र थेट आदळलं तर ममादचाही भरवसा नाही. तिथे खोल मिक्लात उजवं. इराणहून येणाऱ्या क्षेपणास्त्राला वेळ लागत असल्यानं खाली उतरायला काही मिनिटं मिळूही शकतात.

मग जुन्या घराला पदरचे पैसे घालून ममाद जोडावा? गाझाच्या जवळ राहणाऱ्यानं, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर, जरूर. पुण्या-मुंबईत तो खर्च वायाच. पण अश्दोदच्या चौथ्या मजल्यावरच्या एकट्यानं ठरवून भागत नाही: त्या खोल्या सहसा पायापासून एकावर एक चढवाव्या लागतात, म्हणजे इमारतीतल्या इतरांचा होकारही आधी मिळवायला हवा.