दोन ‘डीए’: महागाई भत्ता वाढला, बाहेरगावचं जेवण तिथंच

एप्रिलचा पगार झाला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास यायचा. मशिनदुरुस्तीसाठी कधी गोकाक, कधी अथणी, कधी कोल्हापूर असा फिरणारा सर्व्हिसचा मुलगा पगाराची स्लिप टेबलावर ठेवायचा आणि विचारायचा, “डीए वाढलाय म्हणता, मग माझा बाहेरगावचा डीए तेवढाच कसा?” प्रश्न रास्त होता. स्लिपवर ‘डीए’ लिहिलेलं होतं आणि महिनाअखेर तो खर्चाचं जे व्हाउचर भरायचा त्यावरही ‘टीए-डीए’ असंच छापलेलं होतं. पगाराचं काम माझ्याकडे होतं तेवढी वर्षं हा घोळ मी पाहिला, आणि दर वेळी त्यात फिरणाऱ्या माणसाचंच नुकसान होताना पाहिलं.

टीए म्हणजे प्रवासभत्ता, त्यात घोळ नाही. स्लिपवरचा डीए म्हणजे महागाई भत्ता. व्हाउचरवरचा डीए म्हणजे दैनिक भत्ता, म्हणजे नेमणुकीचं गाव सोडून कामावर बाहेर गेलात तर त्या दिवसाच्या जेवणखाणासाठी मिळणारे पैसे. मराठीत दोघांना वेगळी नावं आहेत. कन्नडमध्येही आहेत, तुट्टीभत्ये आणि दिनभत्ये. ‘तुट्टी’ म्हणजे महाग हे बेळगावकराला समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही भाषांनी नीट वेगळं ठेवलेलं इंग्रजी आद्याक्षरांनी एक करून टाकलं. नाव एक झालं की माणूस असं धरून चालतो की एक वाढला म्हणजे दुसराही आपोआप वाढणार. तसं होत नाही.

महागाई भत्त्याला चालवणारं एक यंत्र आहे. केंद्राचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला काढतो. सध्याच्या मालिकेचं आधारवर्ष २०१६ आहे. त्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा १०० पैकी ३९.१७ आहे, घराचा १६.८७, इंधन आणि दिवाबत्तीचा ५.५०. निर्देशांक चढला की त्याला बांधलेला भत्ता चढतो, कुणी अर्ज करावा लागत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता १ जानेवारी आणि १ जुलै अशा दोन तारखांपासून बदलतो. किमान वेतनातला महागाई भत्ता कर्नाटकात वर्षातून एकदा, १ एप्रिलला बदलतो. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, तोच जानेवारी आणि जुलै असा दोनदा बदलतो. तिथल्या कागदांवर त्याला ‘विशेष भत्ता’ म्हणतात, म्हणून बेळगावातून शिनोळीला कामाला जाणारे कितीतरी जण स्लिपवर डीए शोधत बसतात आणि तो मिळतच नाही असं समजतात. तो असतो, नाव वेगळं असतं. हे यंत्र कधी थांबतच नाही असंही नाही: कोविडच्या काळात केंद्राने जानेवारी २०२० पासून तीन हप्ते गोठवले आणि भत्ता जुलै २०२१ पर्यंत मूळ पगाराच्या १७ टक्क्यांवरच राहिला. पण थांबलं तर सगळ्यांना दिसतं, त्यावर बोललं जातं.

दैनिक भत्त्याला असं कुठलंही यंत्र नाही. खासगी कारखान्यात तो मालकाच्या किंवा हेड ऑफिसच्या एका परिपत्रकावर उभा असतो. कुणीतरी कधीतरी लिहिलेलं असतं: मुक्कामाशिवाय बाहेरगावी इतके, मुक्काम असेल तर इतके. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडे याच्या तीन पायऱ्या असतात, हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन. बेळगाव हेडक्वार्टर असलेल्याला खानापूरला जाऊन संध्याकाळी परतायचं तर एक्स-स्टेशन, अथणीला मुक्काम पडला तर आउटस्टेशन. भाड्याचा ठरलेला तक्ताही असतो. हे सगळं व्यवस्थित असतं, फक्त त्या तक्त्याची तारीख फार मागची असते.

सरकारी नियमांत या दोन डीएंची तुलना एकाच ठिकाणी करता येते. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, केंद्राच्या वेतनश्रेणीतल्या लेव्हल ५ आणि त्याखालच्या कर्मचाऱ्याला दौऱ्यावर जेवणासाठी दिवसाला ५०० रुपये ठरले. सहा तासांपेक्षा कमी बाहेर असेल तर त्यातले ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बारा तासांच्या वर पूर्ण. त्या नियमात एक चांगली तरतूद आहे: महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की ही रक्कम २५ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे दैनिक भत्ता महागाई भत्त्याला बांधलेला आहे, पण अर्ध्याच दोरीने, आणि तोही टप्प्याटप्प्याने.

आता हिशेब करू. जुलै २०१७ मध्ये महागाई भत्ता ५ टक्के होता. जानेवारी २०२४ मध्ये तो ५० टक्के झाला. मूळ पगार १०० धरला तर भत्त्यासह १०५ चे १५० झाले. तोच न्याय जेवणाला लावला तर ५०० रुपयांचे साधारण ७१४ व्हायला हवे होते. झाले ६२५. आणि त्याआधीची साडेसहा वर्षं ते ५०० वरच होते, पगारातला डीए कोविडचा काळ सोडला तर दर सहा महिन्यांनी वर जात असताना. जुलै २०२५ पासून महागाई भत्ता ५८ टक्के झाला. त्या मापाने जेवणाचे ७५२ व्हायला हवेत. नियमाप्रमाणे पुढची वाढ मात्र भत्ता आणखी ५० टक्क्यांनी चढल्यावरच. ज्या व्यवस्थेत निदान दोरी तरी आहे तिथली ही स्थिती. आमच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या छोट्या कारखान्यांत दोरीच नसते.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. निर्देशांक मुख्यत: घरच्या चुलीचा खर्च मोजतो. बाहेरगावी गेलेला माणूस खानावळीत जेवतो. घरचा गॅस १४.२ किलोचा, त्यावर जीएसटी ५ टक्के. खानावळीचा १९ किलोचा, त्यावर १८ टक्के, आणि त्याचा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलू शकतो. शिवाय भाकरी थापणाऱ्या बाईंची मजुरी आणि गाळ्याचं भाडं ताटाच्या किमतीत येतंच. तेव्हा दैनिक भत्ता महागाई भत्त्याएवढाच वाढला तरी संकेश्वरच्या स्टँडसमोरचं ताट त्यात बसेलच असं नाही. ज्या कारखान्यात कॅन्टीन आहे तिथं हा प्रश्न वेगळा सुटतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० पेक्षा जास्त कामगारांसाठी कॅन्टीनची तरतूद होती. ताट मिळतं तेव्हा डाळ महागली म्हणून कामगाराची वाटी कमी होत नाही. रोख रक्कम मिळते तेव्हा होते. बाहेर फिरणाऱ्याला कॅन्टीन नसतं, त्यामुळे जेवणाच्या महागाईचा सगळा भार त्याच्या खिशावर येतो.

प्रवासाच्या पैशात तोटा आणखी लपलेला असतो, कारण तिथं वरवर पाहता पैसे पुरतात. समजा दुचाकीला किलोमीटरमागे ३ रुपये ठरलेत आणि गाडी लिटरला ४५ देते. पेट्रोल ७५ रुपये होतं तेव्हा किलोमीटरला १.६७ पेट्रोलचे गेले, १.३३ उरले. १०३ रुपये झाल्यावर २.२९ पेट्रोलचे जातात, ७१ पैसे उरतात. मालक म्हणतो, पेट्रोल भागून वर उरतंच की. खरं आहे, पण त्या उरलेल्या पैशातच टायर, ऑइल, चेनसेट, विमा आणि गाडीची झीज असते. महिन्याला १२०० किलोमीटर फिरणाऱ्याचे साडेसातशेच्या आसपास रुपये असे जातात आणि ते त्याला महिन्याच्या हिशेबात दिसत नाहीत. दिसतात ते तीन वर्षांनी, इंजिनचं काम निघतं तेव्हा. आमच्याकडे एका मुलाने इंजिन उघडायला पगारातून उचल मागितली, तेव्हा मी त्याची जुनी व्हाउचरं काढून हा हिशेब पहिल्यांदा मांडला. ती गाडी कंपनीच्या कामातच झिजली होती.

बसचं तसं नाही, तिथं तिकीट हाच पुरावा. ५ जानेवारी २०२५ ला कर्नाटकातल्या चारही परिवहन महामंडळांचं भाडं १५ टक्क्यांनी वाढलं. त्याच महिन्यात २५ तारखेला महाराष्ट्राच्या एसटीचं १४.९५ टक्क्यांनी. निपाणीमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्याला एका महिन्यात दोन्हीकडून फटका. ज्यांना प्रत्यक्ष तिकिटाप्रमाणे पैसे मिळत होते त्यांना काहीच करावं लागलं नाही. ज्यांचा प्रवासभत्ता ठोक ठरलेला होता त्यांनी फरक स्वत: भरला.

पण म्हणून ‘प्रत्यक्ष खर्च’ नेहमीच बरा असंही मी म्हणणार नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना साध्या बसचं शून्य तिकीट मिळतं. चिकोडीला वसुलीला जाणाऱ्या एका बाईंचा ठोक प्रवासभत्ता बंद करून त्यांना ‘तिकीट जोडा’ असं सांगितल्याचं मी पाहिलं आहे. तिकीट शून्याचं, म्हणून भत्ता शून्य. स्टँडपासून दुकानांपर्यंतची रिक्षा, चहा, चुकलेल्या बसमुळे करावी लागलेली वडाप, यांना कुठलं तिकीट असतं? सरकारने बाईमाणसाला दिलेली सवलत अशी मालकाच्या खिशात जाऊ नये. योजना प्रवासाची सोय म्हणून आली, पगारातली कपात म्हणून नाही.

आता उलट बाजू, कारण दैनिक भत्ता जास्त मागून महागाई भत्ता सोडणारेही भेटतात. हातात रोख येते म्हणून ते गोड वाटतं. पण भविष्यनिर्वाह निधी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांवर कापला जातो, ग्रॅच्युइटीचा हिशेबही त्यावरच होतो. दैनिक भत्ता आणि खरा प्रवासखर्च यांत धरले जात नाहीत, कारण ते तुमचं उत्पन्न नसून कामासाठी झालेल्या खर्चाची भरपाई आहे. काही ठिकाणी पगाराचाच तुकडा काढून त्याला ‘कन्व्हेयन्स’ नाव देतात, फिरतीवर न जाणाऱ्या लेथवरच्या माणसालासुद्धा. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता निधीच्या हिशेबात मूळ वेतनासारखाच धरायचा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत तर वेतनाबाहेरचे बहुतेक भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. म्हणून स्लिपवर ‘डीए’ दिसला की आधी विचारा, यावर पीएफ कापला जातो का? कापला जात असेल तर तो महागाई भत्ता. नसेल आणि तरीही तुम्ही कधीच बाहेरगावी जात नसाल, तर त्या रकमेचं नाव चुकलेलं आहे आणि त्याची किंमत तुम्ही साठाव्या वर्षी मोजणार आहात.

मागणी करतानाही दोन्ही वेगळे ठेवावे लागतात. महागाई भत्त्याबद्दल भांडायचं तर अधिसूचना दाखवायची: अमुक तारखेपासून अमुक दर, तो लागला का. दैनिक भत्त्याला अधिसूचना नसते, तिथं आपल्याच नोंदी उपयोगी पडतात. तीन महिने ताटाचा दर, ठिकाण आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. बिल मिळालं तर जोडा; खानावळवाले बहुधा देत नाहीत, तरी लिहा. अर्जात “महागाई फार वाढली” असं लिहू नका, कारण त्यावर उत्तर येतं, “डीए वाढवलाय की.” लिहा: “बाहेरगावच्या जेवणाचा दर अमुक साली ठरला, त्यानंतर बदललेला नाही, सोबत ठिकाणवार दर जोडले आहेत.” आणि एकदाच्या वाढीऐवजी दर १ एप्रिलला फेरविचार व्हावा असं मागा. किलोमीटरच्या दरासाठी पेट्रोलचा आकडा बांधून घ्या: पेट्रोल इतक्या रुपयांनी चढलं की किलोमीटरला इतके पैसे जास्त. तो उतरलाच तर दरही उतरेल, हेही मान्य करा. मालक अशा अर्जाला लवकर नाही म्हणत नाहीत.

आमच्या ऑफिसात शेवटी एवढंच केलं की व्हाउचरवरून ‘डीए’ काढून ‘बाहेरगावचं जेवण’ असं छापून घेतलं आणि खाली एक रकाना वाढवला, ‘दर ठरल्याची तारीख’. पहिल्या महिन्याची व्हाउचरं सहीला गेली तेव्हा मालकांनी एक माझ्याकडे परत पाठवलं. त्या रकान्यातल्या तारखेभोवती पेनाने गोल केलेला होता.