मनाची ग्वाही

मनाची ग्वाही : काय करावे हे उमजत नसताना स्वतःच्या अंतःकरणाची साक्ष काढणे आणि ती बुद्धीने पारखून वाट धरणे. ‘ग्वाही’ हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ साक्ष. साक्षीदाराने सांगायचे असते, निवाडा करायचा नसतो. ही कल्पना समजून घेताना शब्दातला हा अर्थ विसरून चालत नाही.

मराठीत मन म्हणजे नुसती भावना नव्हे. ‘मनाला पटत नाही’ यात विचार असतो, ‘मन खाते’ यात टोचणी, ‘मन धजत नाही’ यात भीती. वेदान्ताने अंतःकरणाचे मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार असे चार भाग केले. मन संकल्प-विकल्प करते, निश्चय बुद्धी करते. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात बुद्धी सारथी आहे आणि मन लगाम. लगामच नसेल तर सारथ्याची हुशारी घोड्यांपर्यंत पोचायची कशी?

मनुस्मृतीने धर्माची प्रमाणे सांगताना (२.६) आत्मतुष्टी, म्हणजे स्वतःच्या मनाचे समाधान, सर्वांत शेवटी ठेवली आहे. ‘शाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या अंकात दुष्यंत म्हणतो, की संशयाच्या जागी सज्जनांची अंतःकरणप्रवृत्ती हेच प्रमाण. ‘सज्जनांची’ ही अट सहसा नजरेआड होते. शिवाय हे बोलताना दुष्यंत शकुंतलेवर भाळलेला आहे. ओढ असलेल्या मनाची साक्ष अधिक बारकाईने तपासावी लागते.

मराठीतला या कल्पनेचा सर्वांत सुंदर उच्चार तुकारामांचा : ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’. ज्या आत्मपर अभंगात ही ओळ येते, त्यातच दुष्काळात पैसा आणि मान गेल्याचे, एक पत्नी अन्न अन्न करीत मेल्याचे, व्यवसायात तूट आल्याचे सांगितले आहे. मग भंगलेले देऊळ दुरुस्त करावे असे ‘चित्तासी’ आले. ही साक्ष सुखात बसून काढलेली नाही, म्हणूनच ती इतकी खरी वाटते. रामदासांनी २०५ श्लोकांत मनालाच उपदेश केला, कारण साक्षीदार भरवशाचा हवा तर त्याला घडवावेही लागते.

टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात सदसद्विवेक ही स्वतंत्र देवता मानण्याचे मत खोडून काढले. बरेवाईट निवडणारी आणि इतर सारासार पाहणारी बुद्धी एकच. ती सात्त्विक असेल तर निर्णय शुद्ध होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

गांधीजींनी ८ मे १९३३ पासून हरिजनकार्यासाठी २१ दिवसांचा उपवास केला. येरवड्याच्या तुरुंगात रात्री ऐकू आलेल्या आतल्या आवाजामुळे तो ठरला, असे त्यांनी सांगितले. सुरुवातीच्याच दिवशी त्यांची सुटका झाली आणि २९ मे रोजी पुण्यातल्या ‘पर्णकुटी’ या बंगल्यात उपवास पुरा झाला. असा आवाज ऐकल्याचा दावा कोणीही उठून करू नये, त्यासाठी आधी कठोर आत्मसंयमाची साधना हवी, असे ते आवर्जून म्हणत.