पोलीस वाहने (महाराष्ट्र)

पोलीस दलाच्या मालकीची किंवा कामापुरती त्याच्या ताब्यात असलेली वाहने, आणि ती कोणाला द्यायची, त्यांत काय ठेवायचे, कशी व कशासाठी चालवायची याविषयीची नियमव्यवस्था. महाराष्ट्रात हे सगळे नियम एका पुस्तकात सापडत नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सर्वांनाच लागू. त्यांवर १९५९ ची पोलीस नियमपुस्तिका, गृह आणि वित्त विभागांचे शासन निर्णय, महासंचालक कार्यालयाची परिपत्रके आणि सर्वांत खाली घटकप्रमुखाचा रोजचा आदेश. ‘घटक’ म्हणजे पोलीस आयुक्तालय, जिल्हा पोलीस दल किंवा राज्य राखीव पोलीस दलाचा गट. या सगळ्या कागदांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : गाडी हुद्द्याला आणि कामाला दिलेली असते, माणसाला नाही. बदली झाली की साहेब जातात, गाडी तिथेच राहते. व्यवहारात सगळे वाद उभे राहतात ते नेमके याच मुद्द्यावर.

गाड्यांचा कारभार मोटार परिवहन विभाग पाहतो. दलात त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. सगळे ‘एमटी’ म्हणतात. बिनतारी दळणवळण आणि मोटार परिवहन या दोन्ही शाखांची राज्य पातळीवरची कार्यालये पुण्यात आहेत. प्रत्येक घटकाच्या मुख्यालयात एमटी शाखा असते. कोणती गाडी कुठे आहे, कोणती कारखान्यात उभी आहे, कोणत्या चालकाची साप्ताहिक सुट्टी आहे हे तिथल्या फळ्यावर किंवा संगणकावर असते. बंदोबस्ताच्या आदल्या रात्री सगळ्यांत जास्त फोन याच खोलीत वाजतात.

वाटप

नवी गाडी येण्याच्या वाटा अनेक आहेत. गृह विभागाच्या तरतुदीतून खरेदी होते, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होते, केंद्राच्या विशिष्ट योजनांतून होते. पालकमंत्र्यांच्या हस्ते हिरवी झेंडी दाखवून ओळीने निघालेल्या बोलेरोंचे छायाचित्र स्थानिक वर्तमानपत्रात दिसते, तेव्हा पैसा बहुधा नियोजन समितीचा असतो. निधी कुठला हा मुद्दा केवळ हिशेबाचा नाही. ज्या कामासाठी निधी आला, त्या कामाशी गाडी बांधलेली राहते.

याचे गाजलेले उदाहरण मुंबईचे. निर्भया निधीतील सुमारे ३० कोटी रुपयांतून मुंबई पोलिसांनी २०२२ मध्ये २२० बोलेरो आणि शिवाय मोटारसायकली व स्कूटर घेतल्या. महिलांवरील अत्याचाराच्या तक्रारींना तातडीने धावून जाता यावे, हा त्यामागचा हेतू. यांतील ४७ बोलेरो आमदार-खासदारांच्या ‘वाय प्लस’ सुरक्षेसाठी वळवल्याची बातमी डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि राजकीय वादळ उठले. कागदोपत्री पाहिले तर गाड्या पोलिसांच्याच होत्या आणि पोलिसांच्याच कामाला लागल्या होत्या. पण ज्या ठाण्यातून गाडी गेली, तिथल्या रात्रपाळीला हा युक्तिवाद पटण्यासारखा नव्हता. ताफ्याची गाडी आणि ठाण्याची गाडी यांत ओढाताण झाली की ठाणे हरते, हे दलातले जुने गाऱ्हाणे आहे.

पोलीस ठाण्याच्या पातळीवर वाटप साधे असते. प्रभारी अधिकाऱ्याची एक गाडी आणि गस्तीची एक किंवा दोन. या गस्ती गाडीला ‘मोबाईल’ म्हणतात. मोबाईल फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून हा शब्द ठाण्यात रुळला आहे. गल्लीबोळांसाठी बीट मार्शलच्या, म्हणजे दुचाकीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या, मोटारसायकली असतात. बाकीच्या गाड्या मुख्यालयात : कैदी न्यायालयात नेणाऱ्या जाळीच्या व्हॅन, दंगा नियंत्रण पथकाच्या बस, बॉम्बशोधक पथकाची आणि श्वानपथकाची गाडी. ठाण्याला आरोपी हजर करायचा असेल तर मुख्यालयाकडून गाडी मागवावी लागते. ती वेळेवर मिळाली नाही की रिमांडची वेळ गाठायला ठाण्याची मोबाईलच जुंपली जाते, आणि तेवढा वेळ हद्द गाडीविना राहते.

काही काळ दुसऱ्यांच्या गाड्याही पोलिसांच्या हाती येतात. निवडणुकीच्या कामासाठी लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १६० खाली खाजगी वाहने अधिग्रहित करता येतात व त्यांचे भाडे द्यावे लागते. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी मात्र पोलिसांची नसते. ती मुद्देमाल असते, आणि मुद्देमालावर गस्त घालता येत नाही.

साधने

गाडीत काय असावे हे तिच्या कामावर ठरते. गस्तीच्या गाडीत बिनतारी संच, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दोर, विजेऱ्या, लाठ्या, हेल्मेट, ढाली आणि रस्ता अडवायला शंकू किंवा बॅरिकेड एवढे तरी अपेक्षित असते. दंगलीच्या कामाच्या गाड्यांना काचांपुढे लोखंडी जाळी बसवतात. दगड जाळीवर आदळतो, काच वाचते. अश्रुधुराची नळकांडी एकामागून एक सोडणारे ‘वज्र’ आणि पाण्याचा मारा करणारे ‘वरुण’ ही त्या पथकांची खास वाहने. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टरमध्ये वेग मोजणारी लेझर गन, श्वास तपासणारे यंत्र आणि काचेची पारदर्शकता मोजणारे यंत्र असते.

गेल्या काही वर्षांतला मोठा बदल ११२ या आपत्कालीन मदत क्रमांकामुळे झाला. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. नवी मुंबईत मुख्य केंद्र आणि नागपुरात दुसरे. कॉल आला की जवळच्या गाडीतल्या पडद्यावर, म्हणजे एमडीटीवर, तक्रार आणि ठिकाण उमटते. गाडीतला अंमलदार ती स्वीकारतो, पोहोचल्याची नोंद करतो आणि काय कारवाई केली ते लिहून कॉल बंद करतो. पूर्वी नियंत्रण कक्ष ‘कुठे आहात?’ असे वायरलेसवर विचारी आणि ‘हद्दीतच आहे’ हे उत्तर चाले. जीपीएस आल्यावर ते उत्तर कालबाह्य झाले.

सुसज्जतेचा विचार मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ नंतर वेगळ्या तऱ्हेने होऊ लागला. त्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या टोयोटा क्वालिसमध्ये होते, ती साधी पोलीस गाडी होती. तिच्या पत्र्याला किंवा काचेला गोळ्या अडवण्याचे कोणतेही कवच नव्हते. अतिरेकी तीच गाडी घेऊन मेट्रो सिनेमाकडे निघाले आणि तिच्यातून रस्त्यावर गोळीबार केला. गाडी पोलिसांची दिसत असल्याने लोक बाजूला झाले नव्हते. मागच्या भागात जखमी अवस्थेत पडलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव वाचले. गाडीचा टायर बसल्यावर अतिरेक्यांनी ती सोडून दुसरी मोटार पळवली. पुढच्या काळात शहराच्या ताफ्यात बुलेटप्रूफ वाहने आली.

गडचिरोलीत याउलट आहे : तिथला सर्वांत महत्त्वाचा वाहननियम गाडी न वापरण्याचा आहे. रस्त्याखाली पेरलेला सुरुंग चालत्या माणसापेक्षा भरलेल्या गाडीची वाट पाहतो. म्हणून जंगलातल्या रस्त्यावर वाहन नेण्याआधी ‘रोड ओपनिंग’ करायचे, म्हणजे पथकाने पायी जाऊन रस्ता व दोन्ही कडा तपासायच्या, आणि शक्य असेल तिथे पायीच जायचे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे जवान खाजगी वाहनातून निघाले होते. माओवाद्यांनी रस्त्यांच्या कामावरची वाहने जाळली होती, तिकडे त्यांना पोहोचायचे होते. वाटेतल्या स्फोटात १५ पोलीस आणि वाहनाचा चालक ठार झाले. जिल्ह्यात भूसुरुंगरोधक वाहने आहेत, पण जाड पत्र्याने जोखीम कमी होते, संपत नाही. सी-६० या माओवादविरोधी कमांडो दलाची पथके आजही मैलोन्‌मैल चालतात ती याच कारणाने.

चालक आणि लॉगबुक

पोलीस दलात ‘चालक पोलीस शिपाई’ हे स्वतंत्र पद आहे. त्याच्या भरतीत मैदानी चाचणीबरोबर वाहन चालवण्याची कौशल्य चाचणीही होते. नियमाने गाडी त्यानेच चालवायची. चालक कमी आणि गाड्या जास्त अशी स्थिती कायमचीच असल्याने परवाना असलेला साधा शिपाई स्टिअरिंगवर दिसतो. मात्र अपघात झाला की पहिला प्रश्न येतो : गाडी चालवण्याचा लेखी आदेश होता का?

गाडीचा खरा पहारेकरी म्हणजे लॉगबुक. जाड पुठ्ठ्याची ती वही चालकाच्या आसनामागे किंवा डॅशबोर्डवर पडलेली असते आणि तिच्यावर बहुधा चहाच्या कपाचा गोल डाग असतो. नोंद साधारण अशी : सुटण्याची वेळ २२.१०, मीटर ४१,२३६, ठाणे ते स्टेशन रस्ता, नाकाबंदी, परत ०१.४०, मीटर ४१,२४९. वापरणाऱ्या अधिकाऱ्याची सही. हीच फेरी स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतही, लिहिलेली असायला हवी. इंधन ठरलेल्या मासिक कोट्यातून मिळते; अनेक जिल्ह्यांत ते पोलीस कल्याण निधीतून चालणाऱ्या पंपावर भरतात. लॉगबुकातले किलोमीटर, पंपाची पावती आणि स्टेशन डायरी हे तिन्ही जुळतात की नाही, एवढेच लेखापरीक्षक बघतो. सही नंतर एकदम घेण्याची सवय सार्वत्रिक आहे. महिन्याच्या शेवटी तीस नोंदींवर एकाच शाईत, एकाच वळणाच्या सह्या दिसल्या की समजायचे ते समजावे.

खाजगी कामासाठी सरकारी गाडी वापरायची तर आधी परवानगी आणि किलोमीटरमागे आकार भरावा लागतो. मुलांना शाळेत सोडणे, मंडईत जाणे ही कामे या वाटेने जाताना क्वचितच आढळतात.

दिवा आणि भोंगा

१ मे २०१७ पासून मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचा लाल दिवा गेला. त्याआधी, डिसेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अभय सिंह प्रकरणात लाल दिव्याच्या हौसेला चाप लावला होता, आणि ताफ्यातल्या व कायदा-सुव्यवस्थेच्या पोलीस गाड्यांनी लालऐवजी निळा, पांढरा किंवा बहुरंगी दिवा लावावा असे म्हटले होते. आता केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०८ नुसार लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस, संरक्षण व निमलष्करी दले आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या नेमून दिलेल्या आपत्कालीन कामावरच्या वाहनांनाच मुभा म्हणून मिळतो. बहुस्वरी भोंग्याला नियम ११९ मध्ये बंदी आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन आणि कामावरचे पोलीस हे तिला अपवाद.

२०१७ च्या वाहन चालवण्याविषयीच्या विनियमांनी या गाड्यांना सिग्नल तोडण्याची, वेगमर्यादा ओलांडण्याची आणि एकेरी रस्त्यात उलट जाण्याची सवलत दिली आहे. पण ती तातडीच्या कामावर असताना, दिवा आणि भोंगा चालू ठेवून, आणि इतरांची काळजी घेऊन. प्राधान्याचा क्रमही ठरला आहे : आधी अग्निशमन, मग रुग्णवाहिका, मग पोलीस. म्हणजे चौकात रुग्णवाहिका आणि पोलीस गाडी समोरासमोर आल्या तर थांबायचे पोलिसांनी. वाट न देणाऱ्या वाहनचालकाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४ ई खाली १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१० ब फारसे कोणाला माहीत नसते. या कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती आहे, त्यांनीच त्याखाली गुन्हा केला तर दंड दुप्पट. सीटबेल्ट न लावता गस्तीची मोबाईल चालवणाऱ्या अंमलदाराला आणि हेल्मेटशिवाय फिरणाऱ्या बीट मार्शलला हे लागू आहे. स्वतःच्या दुचाकीच्या नंबरप्लेटवर ‘पोलीस’ लिहून घेतल्याने ती पोलीस वाहन होत नाही, हे वेगळे सांगायची वेळ अजूनही येते.

अपघात आणि भरपाई

सरकारी कामाच्या सरकारी गाडीला तृतीयपक्ष विम्याची सक्ती नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये तशी सूट आहे. त्यामुळे पोलीस गाडीने कोणाला उडवले तर दावेदारासमोर विमा कंपनी नसते, थेट राज्य शासन असते. ‘सार्वभौम कामात शासन जबाबदार नाही’ हा बचाव अशा प्रकरणांत टिकत नाही. याचा पाया १९६२ च्या विद्यावती निवाड्यात आहे. उदयपूरमध्ये जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्याला धडक दिली आणि तो दगावला. सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान शासनाला भरपाईस जबाबदार धरले. जीप कारखान्यातून बंगल्याकडे चालली होती. त्यात राज्यकारभाराचे सार्वभौम असे काही नव्हते.

निर्लेखन

गाडी निकामी ठरवून ताफ्यातून काढण्याला सरकारी मराठीत ‘निर्लेखन’ म्हणतात. पूर्वी वय, धाव आणि दुरुस्तीचा खर्च पाहून समिती निर्णय घेई व लिलाव होई. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनांच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढावी लागतात. कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षेसाठीची चिलखती आणि इतर विशेष वाहने यातून वगळली आहेत. साध्या जीपला ती सवड नाही.

ठाण्याच्या आवारात वेलींनी वेढलेल्या, टायर जमिनीत रुतलेल्या ज्या गाड्या दिसतात, त्या मात्र बहुतेक निर्लेखित नसतात. त्या मुद्देमालाच्या असतात. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी वाहने ठाण्यात दीर्घकाळ पडू न देता, पंचनामा व छायाचित्रे करून, जामीन-बंधपत्रावर मालकाला परत द्यावीत असे सांगितले आहे. मालक पुढे आलाच नाही, किंवा चोरीची गाडी कोणाची हेच ठरले नाही, तर तिचा लिलावही न्यायालयाच्या परवानगीनेच होतो. तोवर पावसाळ्यात तिच्याखाली ठाण्याची कुत्री आसरा घेतात.