कपाचं तोंड गोल काढू नका

समोर टेबलावर एक कप ठेवा आणि काढा. नवीन शिकणारा माणूस बहुतेक वेळा काय करतो, तोंड छान गोलसर काढतो आणि बूड मात्र एकदम सरळ रेघ, पट्टीने मारल्यासारखी. आता आपण बसलोय तिथून तोंड गोल दिसतच नाही, चपटा लंबगोल दिसतो, आणि बूड पण वाकलेलं दिसतं, उलट तोंडापेक्षा जरा जास्तच वाकलेलं, कारण ते डोळ्याच्या लेव्हलपासून आणखी खाली आहे. पण डोक्यात पक्कं बसलंय ना की कप गोल असतो आणि टेबलावर सपाट बसतो, मग कागदावर तेच उतरतं.

आणि आपण शिव्या घालतो हाताला, की मला वळणच नाही. अहो, ज्या हाताने बारीक अक्षरात लिहिता येतं, सुईत दोरा ओवता येतो, त्याला कपाची रेघ का जड जावी? फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवून बघा, बऱ्यापैकी जमतं. 1997 मध्ये कोहेन आणि बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न घेतला होता, की बहुतेक लोकांना जे दिसतं ते काढता का येत नाही. हाताचा कंट्रोल, काय काढायचं नि काय सोडायचं याचा निर्णय, स्वतःचं चित्र नीट न बघणं, असे एकेक संशयित तपासत गेले आणि मुख्य आरोपी निघाला तो म्हणजे समोरची वस्तू मुळातच चुकीची पाहणं.

यात मेंदूची तशी चूक नाही म्हणा. माणूस दुप्पट लांब गेला की डोळ्यातली त्याची प्रतिमा निम्मी होते, पण आपल्याला तो बुटका झाला असं वाटत नाही, मेंदू आतल्या आत हिशोब करून टाकतो. जगायला हे फार सोयीचं, पण चित्र काढताना नडतं. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरली की एक डोळा मिटून आपल्या डोक्याची आउटलाइन बोटाने गिरवा आणि मग मोजा. खऱ्या डोक्याच्या निम्मी भरते! मागे सरकून परत बघा, तरी निम्मीच, कारण आरसा नेहमी तुम्ही आणि तुमचं प्रतिबिंब यांच्या बरोबर मधोमध असतो. रोज आरशात बघतो तरी हे कधी जाणवलं नव्हतं, मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा पट्टीच चुकीची धरली असं वाटलं होतं.

चेहऱ्यात पण तेच. डोळे साधारण डोक्याच्या मध्यावर असतात, कवटीच्या टोकापासून हनुवटीपर्यंत मोजलं तर. पण आपलं सगळं लक्ष डोळे-नाक-तोंडावर, कपाळ आणि वरचे केस म्हणजे जणू रिकामी जागा, म्हणून नवशिक्यांच्या चित्रात डोळे वर सरकतात आणि डोकं वरून कापल्यासारखं दिसतं.

शेडिंगची गोष्ट तर अजून मजेशीर. दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एडवर्ड एडेलसन यांचं 1995 चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र पाहिलं असेल, त्यात सावलीतला पांढरा चौकोन आणि उजेडातला काळा चौकोन अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत, पण सांगूनही पटत नाही. म्हणूनच पांढऱ्या कपाची सावलीकडची बाजू आपण भीत भीत हलकीच रंगवतो. डोळे बारीक करून बघितलं की बारकावे पुसट होतात आणि गडद-फिक्याचे मोठे तुकडे तेवढे उरतात, मग पेन्सिल दाबायचं धाडस होतं.

मेंदूला चकवायचे उपाय जुनेच आहेत. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1525 च्या भूमितीच्या पुस्तकातलं चित्र बघा, चित्रकार डोळा एका जागी धरून काचेवर समोरच्या माणसाची रेघ गिरवतोय. खिडकीच्या काचेवर मार्करने आपणही करू शकतो, फक्त डोकं हलवायचं नाही. काच नसेल तर पेन्सिल हातभर लांब धरून एक डोळा मिटून मोजायचं, कोपर ताठ ठेवून, नाहीतर दर वेळी माप बदलतं. फोटो उलटा ठेवून काढायची पण युक्ती आहे. उजवा मेंदू जागा होतो वगैरे जे सांगतात त्याला फारसा आधार नाही हो, पण उलटा चेहरा आपल्याला पटकन ओळखू येत नाही हे खरं, त्यामुळे 'नाक' न दिसता नुसते आकार दिसतात असं समजायला हरकत नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मान वर करणं. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढ्याच भागात, साधारण 2 अंशांत, आपल्याला एकदम स्पष्ट दिसतं, आणि पाहिलेल्यातलं डोक्यात राहतं तीन-चार गोष्टींपुरतं. एकदा बघून पाच मिनिटं काढत बसलं की उरलेलं सगळं ठोकताळ्याने. कोहेन यांनीच 2005 मध्ये दाखवलं की वस्तूकडे वरचेवर नजर टाकणाऱ्यांची चित्रं जास्त अचूक येतात. थोडं बघा, थोडं काढा, परत बघा.

तर कप परत घ्या. तोंडाची रुंदी आणि उंची पेन्सिलने मोजा, लंबगोल वाटतो त्यापेक्षा चपटा निघेल. आणि त्याच्या दोन्ही टोकांना बदामासारखे कोपरे येऊ देऊ नका, तिथे पण वळणच असतं.