शाब्दिक उदाहरणांची पार्श्वभूमी: पाटण्याच्या मठापासून दहावीच्या पेपरापर्यंत

चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात इ.स. 1207 मधील देणगीची नोंद आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावरील करातून मठाला काय मिळायचे, ते त्यात आहे. भास्कराचार्य मूळचे पाटण्याचेच का, हा वाद बाजूला ठेवू. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनाची रीतसर सोय आठशे वर्षांपूर्वी खानदेशात झाली होती, एवढे नक्की.

शिकवायचे ते ‘सिद्धान्तशिरोमणी’ (1150). त्यातील ‘लीलावती’ नियम देते, ‘बीजगणित’ अज्ञात राशी मानून समीकरण मांडते. मोडलेल्या बांबूचे उदाहरण घ्या. 32 हात बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुडापासून 16 हातांवर जमिनीला टेकला. तो किती उंचीवर मोडला? लीलावतीची रीत अशी: 16 चा वर्ग 256, त्याला 32 ने भागून 8, 32 मधून 8 वजा करून निम्मे केले की 12. झटपट, पण नियम विसरला की सारे अडले. अव्यक्त (अज्ञात राशी) मानून हेच सोडवले तर नियम पाठ लागत नाही. मोडीची उंची x, उरलेला तुकडा 32 − x, आणि तोच कर्ण. म्हणून x² + 256 = (32 − x)². उजवी बाजू 1024 − 64x + x²; x² दोन्हीकडून जातो, 64x = 768, x = 12.

इथे मुले दोन ठिकाणी घसरतात. 16 ला कर्ण धरणे ही आकृती न काढल्याची चूक. दुसरी, (32 − x)² चे 1024 + x² करणे. मग x² गेल्यावर 256 = 1024 उरते. x च नाहीसा झाला आणि उरलेले विधान खोटे निघाले, तर विस्तारातले मधले पद हरवले का ते आधी पाहावे.

वर्गसमीकरणाची रीत याहून जुनी, श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी ती त्यांचे नाव घेऊन दिली आहे: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. रावेरकडच्या केळीच्या मळ्यात 600 रोपे लावायची आहेत आणि प्रत्येक रांगेतली रोपे रांगांच्या संख्येपेक्षा 10 ने जास्त हवीत, असे धरू. x² + 10x = 600. चारने गुणून 100 मिळवले की 4x² + 40x + 100 = 2500, म्हणजे 2x + 10 = ±50. x = 20 किंवा −30. रांगा 20, प्रत्येकीत रोपे 30. अपूर्णांक कुठेच आला नाही, हीच या रीतीची खुबी. मधले पद विषम असले तरी ती अडत नाही. पुढे रांगेची लांबी विचारली, तर 5 फुटांच्या अंतराने 30 रोपांत फटी 29, म्हणून 145 फूट. बहुतेक वह्यांत 150 सापडते.

−30 का सोडायचे, हे लिहिणेही उत्तराचाच भाग. ‘बीजगणिता’त माकडांचे उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून 3 वजा करून वर्ग केला, तितकी माकडे गुहेत गेली, एक बाहेर दिसले. समीकरण सोडवले की 50 आणि 5 मिळतात. दोन्ही समीकरणात बसतात, पण 5 चा पाचवा भाग 1, त्यातून 3 जात नाहीत, म्हणून आचार्यांनी 5 नाकारले. तेव्हा पडताळा मूळ वाक्यांत घ्यावा. केवळ समीकरणात घेतला तर 5 सुद्धा पास होतो.

भूमितीत ‘पक्ष, साध्य, रचना, सिद्धता’ ही मांडणी मात्र युक्लिडच्या परंपरेतली. आपल्याकडे युक्लिड अठराव्या शतकात जयपूरच्या जगन्नाथ पंडितांच्या संस्कृत ‘रेखागणिता’तून आला आणि इंग्रजी अमलात शाळांत रुजला. भास्कराचार्यांकडे आकृती आणि समीकरण वेगळे नव्हते. राज्य मंडळाच्या दहावीत मात्र गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे दोन भाग, प्रत्येकी 40 गुणांचे दोन पेपर. ही सोय वेळापत्रकाची असली तरी मुले ती डोक्यातही पाळतात. पायथागोरसच्या प्रकरणात बाजू x आणि x + 2 दिल्या की बरोबर आकृती काढणारेही थांबतात, कारण वर्गसमीकरण ‘दुसऱ्या पुस्तकातले’ असते. अशा वेळी आकृतीतच प्रत्येक बाजूवर x ची राशी लिहून घ्यावी, मगच प्रमेय वापरावे.